उजवीकडचा ढोलक

बाबूजी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी गेल्यावर तुमच्या रेल्वे वर्कशॉपमधले तीन-चार जण बोलायला उठले. सगळे तुमच्याच वयाचे, पांढऱ्या शर्टातले. त्यातले एक जण म्हणाले, "यांचा कान म्हणजे कान होता. आम्ही मालगाडीच्या वाघिणीच्या चाकाजवळ बॅटरी धरून पाहो, आन हे नुसती हातोडी मारून सांगत, याले तडा आहे, काढा याले." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागे पाण्याचे ग्लास भरत होते. मी मिनूकडे पाहिलं, तर तीही माझ्याकडेच पाहत होती. तेरा वर्षांची तुमची नात. तिलाही माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही कुठले, नोकरी किती वर्षं केली, पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, किती पोरांना शाळेत घातलं, हे सगळं परवा सांगून झालं. ते मी इथे लिहीत नाही. मला आपल्या दोघांचं लिहायचं आहे. सून आणि सासरा यांना बोलायला विषय तसे थोडेच असतात. आपल्याला एक मिळाला होता.

लग्न होऊन मी अमरावतीहून तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही मला एका लाकडी खुर्चीवर बसवलंत. समोर कमरेएवढे दोन स्पीकर. त्यांची खोकी तुम्ही स्वतः ठोकलेली, वरचं काळं कापड गोल बाजारातून आणलेलं. आई तेव्हा होत्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, नव्या पोरीले जेवू तर द्या!" तुम्ही ऐकलं नाही. कॅसेट लावलीत. जयंतीच्या कार्यक्रमातलं गाणं होतं, कॉलनीच्या मैदानात तुम्हीच दोन माईक लावून टेप केलेलं.

"डोळे मिट. बाई कुठं उभी आहे?"

"मध्ये," मी म्हटलं.

"तिथं काय आहे?"

मी डोळे उघडले. दोन स्पीकरच्या मध्ये भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर.

"काहीच नाही."

"हेच स्टिरिओ," तुम्ही म्हणालात. "पेटी डाव्या हाताले, ढोलक उजव्या हाताले, आन जिथं काहीच नाही तिथं बाई. मी तिथं होतो ना त्या दिवशी. ती तिथंच उभी होती."

मला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं. पण मी नकाशे काढणारी बाई आहे, ऑफिसात दिवसभर तेच करते. कोणती वस्तू कुठे आहे हे सांगणाऱ्या माणसावर माझा लवकर विश्वास बसतो.

तुम्ही रिटायर झालात, आई गेल्या आणि आपण तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये आलो. हॉल एकच. तुमच्या लेकानं, प्रशांतनं, हौसेनं मोठा टीव्ही घेतला, सोबत होम थिएटर: पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर आणि हे सगळं चालवणारा रिसीव्हर. तुमचे स्पीकर त्यानं चादरीत गुंडाळून बाल्कनीत ठेवले. "बाबा, थोडे दिवस. जागा पाहतो मी," असं तो म्हणाला. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. पण ते थोडे दिवस तीन महिने झाले. तुम्ही रोज सकाळी बाल्कनीत जाऊन चादरीवरची धूळ झटकत होतात, एवढंच.

एकदा मी विचारलं, "बाबूजी, त्या छोट्या स्पीकरवर तुमची गाणी लावून देऊ का?"

"लाव."

मी लावली. तुम्ही अर्धं गाणं ऐकलंत. "पाच जण मिळून एका बाईले खेचून राहिले," म्हणालात आणि उठून गेलात.

मग मी रिसीव्हरचं पुस्तक वाचायला घेतलं. घरात पुस्तकं वाचून यंत्र लावणारी मी एकटीच, प्रशांत बटणं दाबून पाहतो. त्या रिसीव्हरच्या पाठीमागे पुढच्या दोन स्पीकरचा आवाज बाहेर काढायची सोय होती, एक लाल पिन आणि एक पांढरी. तिथून वायर काढून तुमच्या जुन्या अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, घातली, तर सिनेमाच्या वेळी पुढची बाजू तुमचं अँप आणि तुमचेच मोठे स्पीकर सांभाळतील. गाणी ऐकायची तेव्हा रिसीव्हर बंद. तुमचा कॅसेट डेक थेट तुमच्या अँपला, पूर्वीसारखा. गाण्याच्या वाटेत सिनेमाचा डबा येणारच नाही. छोटे स्पीकर जातील मागच्या भिंतीवर, तिथे ते शोभतीलही.

मी ऑफिसच्या कागदावर हे काढून तुमच्यासमोर ठेवलं. दोन दिवस तो कागद तुमच्या उशीखाली होता. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही पेन्सिल घेऊन आलात.

"सिनेमाच्या वक्ती माह्या अँपचं आवाजाचं बटन कुठं राहीन?"

"एकाच जागी. रोज तिथंच."

"आन कोणी फिरवलं तं?"

"मी खूण करते."

मी माझ्या टिकलीच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून बटणाच्या कडेला, बरोबर वरच्या बाजूला चिकटवली. तुम्ही चष्मा वर करून ती पाहिलीत. "हव," म्हणालात. छत्तीसगडीतला तो एक शब्द तुम्ही फक्त पक्कं ठरलं की वापरत होतात.

स्पीकर आत आले. पहिल्याच रविवारी गोंधळ झाला. तुम्ही दुपारी गाणी ऐकून बटण वाढवलेलंच ठेवलंत आणि संध्याकाळी प्रशांतनं सिनेमा लावला. पहिली गोळी सुटली तशी खिडकीची काच थरथरली, मिनू सोफ्यावरून खाली आली आणि खालच्या मजल्यावरचे भैया चपला न घालता वर धावत आले. "क्या गिरा, क्या गिरा?" प्रशांत रिमोट शोधत होता. तुम्ही मात्र खुर्चीत ताठ बसलात आणि म्हणालात, "माहे स्पीकर जिवंत आहेत अजून." प्रशांतला हसू फुटलं, मग तुम्हाला. बापलेक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मला ते आठवतं, कारण नंतर तसं फारसं झालं नाही.

एक भांडण मात्र आपलं मिटलं नाही. टीव्हीखालचा मधला स्पीकर. सिनेमातलं बोलणं त्यातून येतं, त्यामुळे हॉलमध्ये कुठेही बसलं तरी शब्द कळतात. तुम्हाला तो अपमान वाटत होता. "जिथं काही नाही तिथून आवाज आला पाह्यजे. तू तिथं डब्बा ठेवून देल्ला."

"बाबूजी, तुमच्या स्टिरिओत मध्ये एकच माणूस बसू शकते. बाकीच्यांनी कुठं जावं?"

"बाकीच्याईनं पाळी लावाव."

"सिनेमाले पाळी?"

"काहून नाही?"

हे आपण किती वेळा बोललो असू. तुम्ही हरायला तयार नव्हतात आणि मीही नव्हते. मला अजूनही वाटतं की घर म्हटलं की मधला स्पीकर लागतो. तुम्ही असता तर आत्ता नाक उडवलं असतं.

मग दोन वर्षांपूर्वी ती बॅलन्सची गोष्ट सुरू झाली. तुमच्या अँपवर ते छोटं बटण आहे, डावीकडे-उजवीकडे आवाज कमीजास्त करायचं. एका शनिवारी धूळ पुसताना मला ते उजवीकडे वळलेलं दिसलं. मी सरळ केलं. सोमवारी पुन्हा उजवीकडे. पुन्हा सरळ केलं. सिनेमात सगळं संगीत एका बाजूला कललेलं ऐकू येत होतं, प्रशांत वैतागला होता. चौथ्यांदा मी मिनूला धरलं.

"मम्मी, मैंने नहीं छुआ!"

"मग कोणी फिरवलं? भुतानं?"

"मुझे क्या पता! सच में नहीं छुआ."

मी तिला बरंच बोलले. ती रडली. तुम्ही तिथेच खुर्चीत बसला होतात, वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून. एक पान उलटलंत.

त्यानंतर आठवडाभरानं ऑफिस अर्ध्या दिवसानं सुटलं. मी किल्लीनं दार उघडून आत आले. तुमची कॅसेट चालू होती, तीच, मैदानातली. तुम्हाला मी आल्याचं कळलं नाही. तुम्ही उजव्या कानावर तळहात ठेवलात. काढलात. मग डाव्या कानावर ठेवलात, आणि तो काढलाच नाही. तसेच बसून राहिलात, मान थोडी पुढे, चाकावर हातोडी मारल्यावर माणूस जसा वाट पाहील तसे. खोलीत गाणं चांगलं मोठ्यानं वाजत होतं. ढोलक जोरात होता. तुमच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

मी उलट्या पावली बाहेर गेले, दार हळूच ओढलं आणि बेल वाजवली. दोनदा, लांब. तुम्ही उघडलंत.

"आज लवकर?"

"हो. चहा करते."

त्या दिवशी मला बटणाचा अर्थ कळला. उजव्या कानाला कमी येत होतं. बाई मधून सरकून डावीकडे गेली होती, ढोलक जवळजवळ उठून गेला होता. तुम्ही बटण फिरवून त्यांना आपापल्या जागी परत आणत होतात. मी दर वेळी त्यांना पुन्हा हाकलत होते.

वर्कशॉपमध्ये ज्याचा कान प्रमाण मानला जायचा, त्याला सुनेनं येऊन सांगायचं का, की बाबूजी, तुम्हाला ऐकू येत नाही? मी वेगळं केलं. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज स्वतंत्र वाढवता येतो. तुमचं बटण जिथे होतं तिथेच राहू दिलं आणि रिसीव्हरमधून डाव्या स्पीकरचा आवाज तेवढाच वाढवला. म्हणजे सिनेमाच्या वेळी दोन्ही बाजू सारख्या, आणि गाण्याच्या वेळी, रिसीव्हर बंद असताना, तुमची तुम्हाला हवी तशी. हे जमवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. घरात सगळ्यांना मी सांगितलं की सेटिंग बिघडलं होतं.

पुढच्या रविवारी सिनेमा पाहताना तुम्ही अँपकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"आता सरळ येऊन राहिला का आवाज? तुमाले?"

"हो बाबूजी. एकदम सरळ."

"मंग ठीक आहे."

'तुमाले' असं तुम्ही म्हणालात, 'आपल्याले' नाही. त्या एका शब्दावरून मला समजलं की तुम्हाला समजलं आहे. मला त्याचा अभिमानही वाटला, हे कबूल करते. नवरा, मुलगी, सासरा आणि एकच यंत्र, आणि कोणाला काही कमी पडलं नाही. मी स्वतःवर खूश होते.

एकदाच मी प्रयत्न केला. "बाबूजी, शंकर नगरला कानाचे एक चांगले डॉक्टर आहेत. मला जरा कमी येऊन राहिलं. सोबत चलता का?"

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. "तुले कमी येते ना? मंग तू जा. मले काहून नेतं?"

आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच चहा करून आणलात. तो विषय तिथे बंद झाला. मी हट्ट करायला हवा होता. केला नाही. त्या चहानं मला बरं वाटलं होतं, आणि तेच पुरेसं समजले.

तुमचं शेवटचं दुखणं छातीचं होतं, कानाशी त्याचा काही संबंध नाही. दवाखान्यात सहा दिवस. तिसऱ्या दिवशी सिस्टर सुई लावायला आल्या, तुमच्या उजव्या बाजूला उभ्या राहून काहीतरी म्हणाल्या. तुम्ही उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा चिडून. तेव्हा तुम्ही सहज, वेळ सांगावी तसं म्हणालात, "सिस्टर, इस कान से नहीं आता मुझे. दो-ढाई साल हो गए. उधर से बोलो."

मी पायथ्याशी उभी होते. चादर नीट करत राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही नाही. पण त्यानंतर मी स्टूल उचलून तुमच्या डाव्या हाताला आणलं आणि डॉक्टर जे जे सांगत ते तुमच्या डाव्या कानात पुन्हा सांगत राहिले. कधी तुमचं उत्तरही मीच त्यांना देत होते. प्रशांत त्या दिवसांत औषधं, रिपोर्ट, रक्त यांच्या मागे पळत होता. खोलीत तो आला की रिकामी बाजू उजवीच असायची. तो तिथे उभा राहायचा, तुमचा हात धरायचा, "बाबा, बरं वाटते का?" विचारायचा. तुम्ही डोळे मिटून असायचात. मी हे पाहत होते. बाबूजी, मी हे पाहत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही.

परवा सगळे गेल्यावर मिनू स्वयंपाकघरात आली. तिनं सांगितलं की मी रागावले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिला सगळं सांगितलं होतंत, बटण तुम्हीच फिरवता हेही. "दादाजी ने सॉरी बोला था. बोले, मम्मी को मत बताना." मग तुम्ही तिला एक काम दिलं होतं. तलावाकडे फिरायला जाताना तिनं तुमच्या उजव्या बाजूनं चालायचं आणि गाडी आली की हात दाबायचा. दोन वर्षं तिनं ते केलं. मला वाटायचं, आजोबांचा किती लळा आहे पोरीला.

काल सकाळी मी हे प्रशांतला सांगितलं. तो हॉलमध्ये खुर्च्या लावत होता. मी आधी मिनूचं सांगितलं, मग माझं, बटणाचं, रिसीव्हरचं. मला वाटलं, तो हसेल. म्हणेल, आपल्या घरात सगळे कसे एकमेकांना सांभाळत होते.

त्यानं खुर्ची खाली ठेवली.

"उजवा कान?"

"हो."

त्यानं उजवा हात उचलून स्टिअरिंग धरल्यासारखा केला आणि डावीकडे, शेजारच्या सीटकडे, पाहिलं.

"दर रविवारी मी त्याईले गाडीत जुन्या कॉलनीत नेत होतो," तो म्हणाला. "मी बोलत राहो. ऑफिसचं, मिनूचं, काहीबाही. ते खिडकीबाहेर पाहत राहत. एक शब्द नाही. जेवताना बी मी त्याईच्या उजव्या हाताले. तिथं बी तेच." त्यानं हात खाली घेतला. "मले वाटे ते नाराज आहेत. क्वार्टर सोडलं म्हणून. स्पीकर बाल्कनीत ठेवले म्हणून. दोन वर्षं मले वाटे. मंग मी बी बोलणं कमी केलं."

गाडी चालवणारा माणूस शेजाऱ्याच्या उजव्या हातालाच असतो. मी नकाशे काढते. कोण कुठे बसलं आहे एवढं तरी मला दिसायला हवं होतं. मी स्पीकरची जागा मोजली, खुर्चीची मोजली, आणि तुमचा मुलगा कोणत्या बाजूला बसतो हे पाहिलं नाही. तुमचा मान राखायच्या नादात आपण तिघांनी ते गुपित फार नीट जपलं, आणि ज्याला ते सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यालाच बाहेर ठेवलं. तुम्ही त्याला एकदा तरी सांगायला हवं होतंत. मिनूला सांगितलंत, सिस्टरला सांगितलंत, त्याला मात्र नाही. तुमचा मला राग आला आहे, बाबूजी. हे पहिल्यांदाच लिहिते आहे, तुमच्या हयातीत मला कधी जमलं नसतं. त्याहून जास्त राग मला त्या दोन संध्याकाळींचा येतो, जेव्हा मी रिसीव्हरपुढे बसून इतकी खूश झाले होते.

आणि तरी तुम्ही मला जे दिलंत ते कमी नव्हतं. या शहरात मी आले तेव्हा माझं कोणी नव्हतं. तुम्ही मला पहिल्यांदा खुर्ची दिलीत, तीही घरातली सगळ्यात चांगली.

प्रशांतनं मग एकच विचारलं. "ते नाराज नव्हते ना?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हते."

"तुले बोलले होते ते?"

"हो."

तो मान हलवून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. बाबूजी, तुम्ही त्याच्याबद्दल माझ्याशी कधीच काही बोलला नव्हतात. नाराज होतात की नाही, मला खरंच माहीत नाही. दवाखान्यात तुमच्या वतीनं उत्तरं द्यायची मला सवय लागली होती, त्या सवयीनं हे एक उत्तर दिलं. चूक असेल तर असू द्या. आता ते मी बदलणार नाही.